उपासाचा डबा

अमरावतीहून नांदगाव पेठच्या अंगानं निघालं की समाजसुधारकांचं एक स्मृतिउद्यान लागतं. मी तिथं एकदाच गेले आणि आता पुन्हा जाणार नाही. उद्यान वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. झाडं चांगली वाढली आहेत, बाकडी धड आहेत, कारंजं बंद असतं पण ते सगळीकडंच असतं. मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुतळे उभे आहेत. कोणाकोणाचे ते मी सांगणार नाही. आमच्या वऱ्हाडात पुतळ्याचं नाव घेतलं की ऐकणारा लगेच मनातल्या मनात वाटणी करून मोकळा होतो. हा यांचा, तो त्यांचा, आणि पलीकडचा तो सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. जयंती आली की जो तो आपापला पुतळा धुतो आणि दुसऱ्याच्या पुतळ्यावरच्या कबुतरांकडं बघतही नाही. याच कारणानं मी इथं माणसांचीही नावं लिहिणार नाही. आमच्याकडं नावाच्या मागोमाग आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की पुढचं कोणी ऐकत नाही.

आम्ही अकोल्याचे, बौद्ध. वडील पोस्टात होते, ते वारून बरीच वर्षं झाली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. तिनं अर्धा वऱ्हाड बदल्यांमध्ये पालथा घातला. मी बँकेत आहे. माझं लग्न मी कोर्टात लावलं आणि कोर्टातच मोडलं, त्यामुळं आईला मिरवायला काही मिळालं नाही. तिची सगळी भिस्त माझ्या धाकट्या भावावर होती. तो अमरावतीला सरकारी खात्यात इंजिनियर. त्याच्या लग्नात वरमाय म्हणून पुढं उभं राहायचं, एवढी एकच हौस तिनं उराशी धरली होती. ‘वरमाय’ हा शब्द ती अशा काही तोऱ्यात उच्चारायची की जणू ती सरकारी नेमणूकच आहे. विहारात येणाऱ्या सगळ्या बायकांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की पुढची रांग माझी.

भावानं मुलगी स्वतःच पाहिली. त्याच्याच ऑफिसातली. अंजनगाव सुर्जीकडचं घर, काळी जमीन, केळीची बाग, बाप गावातला मोठा माणूस. तिच्या घरचे दोन वर्षं नाही म्हणत होते. मग मुलीनं खाणंपिणं सोडलं की आणखी काही केलं, मला माहीत नाही, पण एक दिवस भावाचा फोन आला. तिचे आईवडील भेटायला तयार आहेत, रविवारी. घरी नाही. हॉटेलातही नाही, तिथं कोणी ना कोणी ओळखीचं निघतं. त्यांनी ते स्मृतिउद्यान सुचवलं होतं.

“पाय ना ताई, जागा कोणती निवडली त्यायनं,” भाऊ मला म्हणाला. “समाजसुधारकांच्या साक्षीनं बोलणी. अजून काय पाह्यजे?”

“लपाले निवडली बे,” मी म्हटलं. “तिथं त्यायच्यातलं कोणी फिरकत नाही म्हणून.”

त्याला माझा राग आला. मला नेहमी वाकडंच दिसतं असं त्याचं मत आहे, आणि ते खरं आहे. पण वाकडं होतं तेच मला दिसायचं, याला मी काय करू?

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन अकोल्याला आला. आई पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. एका डब्यात पुरणपोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा. दुसरा डबा वेगळा बांधलेला. मी झाकण उघडून पाहिलं तर साबुदाण्याची उसळ आणि राजगिऱ्याचे लाडू.

“हे उपासाचं कावून केलं वं माय? आज कोणाले उपास हाये?”

“तिथं गेल्यावर लागन कोणाले ना कोणाले,” ती म्हणाली.

मी समजले. आपल्या हातचं कोणी खात नाही तेव्हा ते ‘तुमच्या हातचं नको’ असं म्हणत नाहीत. मला उपास आहे, म्हणतात. शाळेच्या नोकरीत आईनं असे उपास शेकड्यानं पाहिले होते. हेडमास्तरीणबाईंना तर हिच्या डब्याच्या सुट्टीतच उपास लागायचा. या वेळी आईनं ती वाट आधीच बंद करून टाकली होती. तिला वाटलं, वाट बंद केली की माणूस सरळ येईल.

गाडी मूर्तिजापूरच्या पुढं गेल्यावर भावानं घसा साफ केला.

“माय, तिथं नमस्कार म्हणजो हो.”

“मंग काय म्हणत असतो मी?”

“तसं नाही वं. आपलं ते पयल्याच भेटीत नको म्हणू.”

आपलं ते म्हणजे आमचा अभिवादनाचा शब्द. ज्याच्यात ‘जय’ आधी येतो. त्या शब्दानं आई उभा जन्म माणसं भेटत आली, बाजारात, बसस्टँडवर, मयतीला, बारशाला. ती खिडकीतून बाहेर कापसाच्या पराटीकडं बघत राहिली. मी मागच्या सीटवरून विचारलं, “अन् आडनाव इचारलं तं काय सांगायचं? आमाले आडनावच नाही म्हनाव?” भावानं एसी वाढवला.

ते तिघं आमच्या आधीच पोचले होते. मुलीचे वडील पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात, पहिल्या पुतळ्याच्या पायाशी असे उभे होते की लोकार्पण त्यांच्याच हस्ते व्हायचं आहे. मुलीची आई भरल्या अंगाची, अंगावर बेताचंच सोनं. येताना काढून ठेवलं असणार, आम्हाला घराचा अंदाज येऊ नये म्हणून. मुलगी दोघांच्या मागं उभी. चेहऱ्यानं गोड होती. मला ती आवडली असती.

आईनं सांगितल्याप्रमाणे नमस्कार म्हटलं. मग हसून पुढं म्हणाली, “या इवाई, लय वाट पायली आमी या दिवसाची.”

इवाई म्हणजे व्याही. बोलणी व्हायच्या आधीच तिनं नातं पुढं केलं. हात पुढं करावा तसं. समोरून मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, “या मॅडम.” त्या दिवसभरात त्यांनी आईला अनेकदा हाक मारली आणि प्रत्येक वेळी मॅडमच म्हटलं. इतका आदर की जवळ जायला जागाच राहू नये.

मग त्यांनी आम्हाला उद्यान दाखवलं. दर जयंतीला गावात भाषण त्यांचंच असतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून ते पाटी मोठ्यानं वाचायचे, मग स्वतःची दोन वाक्यं घालायचे. यांनी माणसाला माणूस म्हटलं. यांनी पाण्यावरची बंदी उठवली. यांनी पोरीबाळींना शिकवलं. आवाज खणखणीत. दोन कॉलेजची पोरं तर ऐकत उभी राहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण बोलणारा आणि पाषाण असे शेजारीशेजारी उभे असलेले तेव्हाच पाहिले.

त्यांची बायको मागून येत होती. ती प्रत्येक पुतळ्यापुढं चप्पल काढायची, वाफ्यातलं कण्हेरीचं फूल तोडून पायावर ठेवायची, डोळे मिटून हात जोडायची. आमच्या पुतळ्यापाशी आली तेव्हा आम्ही तिघंही नकळत थांबलो. तिनं चप्पल काढली. फूल ठेवलं. डोकंही टेकवलं. आईनं माझा हात दाबला. खरं सांगते, माझा सगळा कडवटपणा त्या घटकेला उतरला. मला वाटलं, आपणच फार विषारी झालो आहोत, बाई मनानं चांगली आहे.

मूर्ख मी. पुतळ्याच्या पाया पडायला काही लागत नाही. पुतळा कोणाला जेवायला बसवत नाही.

एका मोठ्या कडुनिंबाखाली ओटा होता, तिथं आम्ही बसलो. आईनं पिशवीतून स्टीलच्या ताटल्या काढल्या, नव्या घेतलेल्या, अजून चिकटपट्टीचा डाग असलेल्या. पहिला डबा उघडला. पुरणाचा वास सुटला. मुलीची आई लगेच म्हणाली, “मले आज उपास हाये.”

“हो का? मंग हे घ्या,” आई म्हणाली आणि तिनं दुसरा डबा उघडला. “साबुदान्याची उसळ हाये. उपासाचीच.”

बाईची नजर आधी डब्याकडं गेली, मग नवऱ्याकडं. “मीठ साधं घातलं असन तं चालत नाही आमाले.”

“शेंदेलोण हाये.”

“तेल...”

“शेंगदाण्याचं. घरचा घाणा नाही, पण घाणीवरून आणलं. मिरची हिरवी हाये, जिरं हाये. हळद घातली नाही.”

आई परीक्षेला बसल्यासारखी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता, कारण उत्तरं सगळी बरोबर येत होती. तिला कळत नव्हतं की प्रश्न संपल्यावरही पास करणार नाहीत. मला कळत होतं. मला तिथून तिला उचलून न्यावंसं वाटत होतं.

“माहा निरंकार हाये,” बाई म्हणाली.

निरंकार म्हणजे निर्जळी. पाण्याचा थेंबही नाही.

“पानी बी नाही?” आईनं विचारलं.

“पानी बी नाही.”

“रविवारचा निरंकार?” मी म्हटलं. “कोणत्या देवाचा हो काकू?”

भावानं माझ्याकडं डोळे वटारले. मुलीच्या वडिलांनी दोन्ही हात वर केले, “मले शुगर हाये मॅडम, पुरण नाही चालत, साबुदाना तं डॉक्टरनं बंदच केला.” मुलीनं मात्र ताटलीकडं हात नेला होता. तिनं खरंच नेला होता, ते मला नाकारता येणार नाही. बोटं ताटलीला लागली तेवढ्यात तिची आई म्हणाली, “तुले बी हाये ना वं उपास?” मुलीनं हात मागं घेतला. तिचा उपास त्या क्षणी सुरू झाला.

आईनं डब्यांची झाकणं लावली. ताटल्या एकात एक घातल्या. भावानं तेवढ्यात एक पोळी उचलून तोंडात कोंबली, सगळं ठीक आहे असं दाखवायला, आणि त्याला ठसका लागला. थोड्या वेळानं मुलीची आई पाय मोकळे करते म्हणून उठली. मी हात धुवायला नळावर गेले, तर ती एका पुतळ्याच्या चौथऱ्यामागं उभी राहून पर्समधल्या बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. ऊन होतंच. तहान लागणारच माणसाला.

“काकू, सुटला का उपास?” मी विचारलं.

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडं शांतपणे पाहिलं. लाज नाही, राग नाही. “पोरी,” ती म्हणाली, “तुले सगळं समजते, मंग इचारते कायले?” ती परत ओट्याकडं गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या सगळ्या दुपारी माझ्याशी खरं बोललेली तेवढी ती एकच.

मग बोलणी झाली. मुलीच्या वडिलांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की ते स्वतः जात मानत नाहीत. “मानत असतो तं इथं आलो असतो का? पण मॅडम, मले गावात राहा लागते. दोन पोरीयचं लगन व्हाचं हाये अजून.” लग्न त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या पद्धतीनं. आईनं मान हलवली. पत्रिका तेच छापणार, त्यात मुलाचं आडनाव येणार नाही. आईनं मान हलवली, जरा उशिरानं. मुलाकडून ऑफिसचे चार-सहा मित्र येतील, बाकी गर्दी नको. आईनं माझ्याकडं पाहिलं.

“म्हणजे आमच्यातलं कोणीच नाही?” मी विचारलं.

“तसं नाही,” ते म्हणाले आणि शर्टाची बाही नीट करू लागले. “मॅडमले आमी काही म्हटलं नसतं. पण...”

पुढचं त्यांच्यानं बोलवेना. भाषण करणाऱ्या माणसाला वाक्य सापडेना. ते त्यांच्या बायकोनं पुरं केलं.

“तुमी आमच्या पाहुण्यायच्या गावात मास्तरीण होत्या,” ती आईला म्हणाली. “आमच्यातल्या तीन-चार बाया तुमच्या हाताखाली शिकल्या. तुमाले पायल्याबरोबर वळखतीन. मंग सगळंच उघडं पडन.”

म्हणजे दुसरी कोणी अनोळखी बाई असती तर चाललं असतं. हिला नाही, कारण हिनं त्यांच्या बायकांना अक्षरं शिकवली होती. शेजारीच पोरींना शिकवणाऱ्याचा पुतळा उभा होता, त्याला घातलेलं फूल अजून ताजं होतं. असं काही डोळ्यासमोर घडतं तेव्हा हसू येतं. मला आलं. भावानं ते ऐकलं.

“लग्नाच्या दिवशी मॅडम आजारी हायेत म्हणून सांगू,” मुलीचे वडील म्हणाले. “दवाखान्यात भरती. मंग कोणी काही म्हणत नाही.”

आता भाऊ बोलेल असं मला वाटलं. आईलाही वाटलं असणार, ती त्याच्याकडेच बघत होती. तो समोरच्या पुतळ्याच्या बुटांकडं बघत होता. मग म्हणाला, “माय, एका दिवसाचा तं प्रश्न हाये.”

आई वर्गात बसावी तशी ताठ बसली. आवाज चढवला नाही.

“आजारी नोका सांगू,” ती म्हणाली. “आजारी म्हटलं की लोक पाहाले येतेत. कोणता दवाखाना, इचारतेत. मेली म्हणून सांगा. मेल्या माणसाची कोणी चौकशी करत नाही.”

मी वाट पाहिली. कोणीतरी म्हणेल, असं काय बोलता. परक्या माणसालाही माणूस एवढं म्हणतो. रस्त्यावर म्हातारीनं मरणाचं नाव काढलं तर भाजीवालीसुद्धा म्हणते, मरोत तुमचे वैरी. मुलीच्या तोंडून फक्त “बाबा!” एवढं निघालं. बापानं मान वळवून पाहिल्याबरोबर तिनं खाली पाहिलं. तिचं बंड एका शब्दाचं होतं, ते तिथं संपलं. तिची आई म्हणाली, “शुभ कामात मरणाचं नाव कायले घेता?” तिला तेवढंच खटकलं होतं. आणि मुलीचे वडील, ‘यांनी पाण्यावरची बंदी उठवली’ म्हणणारे, हनुवटीवर बोट ठेवून विचार करत होते.

“तसं म्हणाल तं मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “ते सोपं पडते.”

सुंठीवाचून खोकला गेला.

आम्ही उठलो. फाटकाबाहेर एक हातगाडी लागते, गिला वड्याची, दह्यात बुडवलेला वडा, अमरावतीकरांचा जीव की प्राण. भाऊ गाडी वळवून आणेपर्यंत आम्ही सावलीत थांबलो होतो, तर मुलीचे वडील तिथं उभे राहून द्रोणातला वडा चमच्यानं तोडत होते. वर गोड चटणी. वडे तळणाऱ्याला त्यांनी आडनाव विचारलेलं मला दिसलं नाही.

“काका, शुगर?” मी विचारलं.

“कदीमदी चालते,” ते म्हणाले आणि हसले. मनापासून हसले. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं ना.

परत येताना बडनेरा मागं पडलं. आईनं मांडीवर उपासाचा डबा उघडला आणि उसळ खायला लागली. घासामागून घास. मला विचारलं नाही, भावाला विचारलं नाही. चार माणसांची उसळ तिनं एकटीनं संपवली आणि डबा पदरानं पुसून ठेवला.

“ताई, तू तं समजून घे,” भाऊ आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला. “किती मुश्किलीनं तयार झाले ते लोक.”

“समजलं ना,” मी म्हटलं. “तुले बायको भेटून राह्यली अन् तू माय देऊन राह्यला. तुह्या जागी मी असते तं निदान घासाघीस केली असती.”

आई म्हणाली, “गप वं.” पण त्याला नाही, मला.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. फोन यायचा, तब्येत विचारायचा, लग्नाचं काही बोलायचा नाही. आईही विचारत नसे. विहारातल्या बायका तिला विचारायच्या, मग काय म्हणते वरमाय? ती म्हणायची, ठरते आहे. एक दिवस तिनं विहारात जायची वेळच बदलली, सगळ्या बायका निघून गेल्यावर जायला लागली. मला वाटायचं, हा पोरगा शेवटच्या घडीला तरी येईल, म्हणेल, चाल माय, मरू दे त्यांचा हॉल. मी कितीही जहरी असले तरी हे मला वाटायचं. सख्ख्या भावाबद्दल माणूस इतकं मूर्ख राहू शकतं.

तो आला, एका रविवारी. हातात पेढ्यांचा डबा. खुर्चीत बसला, घाम पुसला आणि बॅगेतून पत्रिका काढून आईच्या पुढ्यात ठेवली. जाड कागद, गणपती, सोनेरी अक्षरं. आईनं चष्मा लावला. ती ओठ हलवत वाचत होती, शाळेतल्या पोरांची वही वाचावी तशी. वाचता वाचता एका ओळीवर थांबली. मी मागून वाकून पाहिलं.

वराच्या नावाखाली आईबापांची नावं होती. आडनाव कुठंच नव्हतं. वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ छापलेलं होतं. आणि त्याच्या शेजारी, आईच्या नावाआधीही ‘कै.’

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारची बाई दारात आली एवढं आठवतं. मी दार लावून घेतलं.

“माह्यावर कायले चिल्लावते?” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता आणि तरी तो वाद घालत होता, तेच मला सहन झालं नाही. “तिनंच म्हटलं होतं. तुह्या समोर म्हटलं होतं, मेली म्हणून सांगा. मी म्हटलं होतं का?”

आईनं हात वर केला. वर्ग गप्प करायला करायची तसा.

“मारलं तं मारलं बापू,” ती त्याला म्हणाली. “मीच सांगतलं होतं. पण कैलासाले कावून धाडलं? आपल्यातलं कोण जाते तिथं?”

कै. म्हणजे कैलासवासी. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरातलं कोणी कैलासाला गेलेलं नाही. भावाला हे माहीत होतं. वडील गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका त्यानंच छापून आणली होती. या वेळी पत्रिका छापणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि यानं सांगितलं नव्हतं.

“ताई, पेन दे,” आई मला म्हणाली. ती मला कधी ताई म्हणत नाही.

मी पर्समधलं पेन दिलं. तिनं पत्रिका पेढ्यांच्या डब्यावर आडवी धरली. आधी वडिलांच्या नावाआधीचं ‘कै.’ एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, कालकथित. चमकत्या कागदावर शाई धरत नव्हती, म्हणून पुन्हा गिरवलं. मग स्वतःच्या नावाकडं आली. तेही खोडलं. वर तसंच लिहिलं, तेच वळणदार अक्षर, वेलांट्या नीट दिलेल्या. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. मग पत्रिका भावाच्या हातात दिली.

“आता शुद्ध झालं,” ती म्हणाली. “बाकीच्यायवर बी असंच करून घेजो.”

तो पत्रिका हातात धरून बसून राहिला. आई उठून आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, कपबशा काढल्याचा आला. तो सरळ होऊन बसला, नाक पुसलं, चहा येईल म्हणून. आई दोन कप घेऊन बाहेर आली. एक मला दिला आणि दुसरा घेऊन ती माझ्या शेजारी बसली.